रब्बीत डीपी (वितरण रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर) वेळेवर का मिळत नाही? वितरणाच्या सामानाची साखळी नेमकी कुठे अडते?

गोदाकाठ (धागाकर्ता)

उन्हाळी कांद्याची लागण, गव्हाचं पाणी, हरभऱ्याचं पाणी, सगळं एकाच दीड-दोन महिन्यांत येतं. डीपी जळण्याचा हंगामही तोच. जळाल्यावर मिळणारी उत्तरं ठरलेली असतात: ऑइल शिल्लक नाही, डीपी रिपेअरला गेलीय, यादीत तुमचा नंबर मागे आहे. वीज नियामक आयोगाच्या कृतीच्या मानकांत ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र बदलायला 48 तास दिलेत. पंधरवडा गेल्याची उदाहरणं इथल्या बऱ्याच जणांकडे असतील.

मी रोहित्र दुरुस्तीच्या धंद्यात आहे. चर्चा नेहमी 'नवीन रोहित्रं किती घेतली' यावर होते. माझ्या मते खरी अडचण त्याच्या आधी आणि नंतर आहे: छोट्या मालात, दुरुस्तीच्या साखळीत आणि बिलांत. ते सुधारलं नाही तर कितीही कोटींची खरेदी झाली तरी जानेवारीत माणूस ट्रॅक्टर घेऊन दारोदार फिरणारच.

एक 100 केव्हीएची (केव्हीए हे क्षमतेचं माप) डीपी उघडून बघू. आत सीआरजीओ पोलादाच्या (रोहित्राच्या गाभ्यासाठीचं खास विद्युत पोलाद) पट्ट्यांचा गाभा, पट्टीची जाडी साधारण पाव मिलिमीटर. त्यावर ॲल्युमिनियमच्या कॉइल, कागदाच्या आवरणात. टाकीत शे-दीडशे लिटर तेल. वर एचटीची (उच्च दाबाची) तीन बुशिंग (तार बाहेर काढायचे इन्सुलेटर), एलटीची (लघु दाबाची) चार, प्रत्येकाखाली गॅस्केट. बाजूला टाकीत जाणारी हवा सुकवणारा ब्रीदर, त्यात सिलिका जेलचे दाणे. दाणे निळे असतील तर कोरडे, गुलाबी झाले तर ओल धरली. गावातल्या डीपीखाली उभं राहून एकदा नुसतं बघा. गुलाबीही सोडा, बहुतेक ठिकाणी ब्रीदरची काचच फुटलेली दिसेल. पावसाळाभर तेलात ओल जात राहते आणि रब्बीत लोड आला की कॉइल जाते.

आता हा माल येतो कुठून? सीआरजीओ बनवणारा कारखाना कित्येक वर्षं देशात एकच, तो आपल्या नाशिकजवळ. जानेवारी 2025 मध्ये तो थिसेनक्रुपकडून जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफई यांच्या संयुक्त कंपनीकडे गेला. देशाची गरज त्यापेक्षा खूप मोठी, म्हणून बराच माल बाहेरून येतो. तेल शुद्ध करून देणारे मोठे कारखाने मुंबई-सिल्वासा पट्ट्यात आहेत, पण त्यांचं बेस ऑइल बऱ्याच प्रमाणात आयातीचं. ॲल्युमिनियम आपल्याकडे भरपूर बनतं, भाव मात्र लंडनच्या बाजारावर हलतो. मार्च 2022 मध्ये तो टनाला 4000 डॉलरच्या घरात गेला होता. त्या काळात ज्यांनी पक्क्या दराने टेंडर भरली होती, त्यांच्यातल्या छोट्यांचं कंबरडं मोडलं.

दुरुस्तीचं काम स्वतः फार लांबत नाही. जुनी कॉइल उतरवणं, नवी चढवणं, भट्टीत सुकवणं, तेल भरणं, चाचणी. यात सुकवण हाच टप्पा असा की तिथे घाई चालत नाही. ओली कॉइल टाकीत गेली तर तीच डीपी महिन्याभरात परत येते. पण माझ्या शेडमध्ये डीपी पडून राहतात त्या बहुतेक वेळा वाट बघण्यात: तेलाची, बुशिंगची, तपासणीला येणाऱ्या साहेबांची. आणि बिलाची.

तुमच्या भागात काय अडतं, हे प्रत्येकाने लिहावं. 'सगळं सरकार करतं' किंवा 'शेतकरी आकडे टाकतात म्हणून' इथे थांबू नका. कुठला भाग, कुठल्या टप्प्यावर, किती उशीर, असं लिहिलंत तर उपयोग होईल.

शेतशिवार

जालना जिल्हा. आमच्या 63 च्या डीपीवर कागदोपत्री जेवढे पंप आहेत त्यापेक्षा जास्त चालतात, हे मान्य. पण मुळात नवीन कनेक्शन देताना डीपी वाढवली नाही, पंप तेवढे वाढवले. थ्री फेज आली की सगळ्यांचे ऑटो स्विच एकदम मोटारी उचलतात. किटकॅटमध्ये (फ्यूज वायर धरणारा भाग) फ्यूज वायर राहतच नाही, जी हाताला लागेल ती तार पिळून घालतात, कारण पेटीत बदलायला किटकॅटच नसतो. वायरमनला विचारलं तर तो म्हणतो, 'मलाच वर्षाला मोजून मिळतात.'

जळालेली डीपी आम्हीच खाली उतरवली, आम्हीच भाड्याच्या पिकअपने नेली, वर्गणी काढून. नियमाने वाहतूक वीज कंपनीची आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण गहू सुकत असताना नियम सांगत बसायला कोणाला वेळ आहे?

गोदाकाठ

दादा, तुमच्या 63 चा हिशेब मांडतो. 63 केव्हीएला एलटी बाजूला पूर्ण भाराचा करंट 84 अँपिअर. पाच एचपीची मोटार चालू स्थितीत साधारण साडेसात घेते. म्हणजे अकरा मोटारींपर्यंत ठीक. सुरू होताना हीच मोटार पाच-सहा पट करंट ओढते. अकराच्या जागी अठरा मोटारी ऑटो स्विचवर एकाच क्षणी उठल्या तर काय होईल ते सांगायला नको. ऑटो स्विच काढणं आणि प्रत्येक मोटारीला कॅपॅसिटर लावणं, हे तुमच्या हातातलं काम आहे आणि डीपीचं आयुष्य त्याने खरंच वाढतं.

किटकॅटचा मुद्दा मात्र फार मोलाचा आहे. किटकॅट आणि दोन हात फ्यूज वायर वेळेवर न मिळाल्याने लाखाच्या पुढची वस्तू जळते. खरेदीच्या बैठकीत रोहित्राची चर्चा तासभर होते आणि किटकॅट 'इतर साहित्य' या ओळीत जातो.

निवृत्त_भांडारी

मी वीज क्षेत्रातल्या भांडार विभागातून निवृत्त झालो. कुठला विभाग ते लिहीत नाही.

बाहेरून दिसतं की स्टोअरमध्ये माल नाही. आतून दिसतं की माल आहे, पण पाहिजे तो नाही. महाराष्ट्रात काही भागात लाईनचा दाब 11 केव्ही (11 हजार व्होल्ट), तर पुणे, ठाण्यासारख्या भागात 22 केव्ही. एकीकडची डीपी दुसरीकडे चालत नाही. त्यात 63, 100, 200, आणि 2018 मध्ये एचव्हीडीएस (उच्चदाब वितरण) योजना आल्यापासून एक-दोन शेतकऱ्यांसाठी 10, 16, 25 केव्हीएची छोटी रोहित्रं. योजना चांगली, आकडे टाकणं अवघड झालं. पण राखीव साठा ठेवणाऱ्याला आधी जिथे तीन-चार प्रकार सांभाळायचे होते तिथे आता त्याच्या दुप्पट. प्रत्येक प्रकाराचे चार-पाच नग ठेवायचे म्हटले तरी तालुक्याला परवडत नाही, म्हणून ते जिल्ह्याला राहतात, आणि जिल्ह्याहून गाडी भरल्याशिवाय निघत नाही.

दुसरं. मागणी काढायची पद्धत. 'मागच्या वर्षी किती दिले' यावर यंदाची मागणी ठरते. मागच्या वर्षी माल नसल्याने कमी दिले असतील तर यंदाही कमीच मागितले जातात. खरी मागणी म्हणजे किती जळाले आणि किती दिवस लोक अंधारात बसले, हा आकडा. तो शाखा कार्यालयातल्या रजिस्टरमध्ये असतो आणि खरेदीच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

तिसरं, गॅरंटी. नवीन रोहित्र गॅरंटीच्या मुदतीत गेलं तर पुरवठादाराने फुकट दुरुस्त करून द्यायचं असतं. त्यासाठी ते कोणाचं, कुठल्या ऑर्डरचं, हे कळलं पाहिजे. नेमप्लेट चार रिव्हेटवर असते. ती निघाली किंवा काढली की गॅरंटी संपली. आम्ही टाकीवर आणि आतल्या गाभ्याच्या चॅनेलवर नंबर कोरून घ्यायला सुरुवात केली तेव्हा परत जाणाऱ्या मालाचं प्रमाण लगेच वाढलं.

कोकणकडा

रायगड-रत्नागिरीत लाईनची कामं घेतो. आमच्याकडचं दुखणं वेगळं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. पोल नुसते आडवे झाले नाहीत, पिळले गेले. इतर जिल्ह्यांतून माणसं आली, पोल आले, तारा आल्या. आणि तरीही काम अडलं ते व्ही क्रॉसआर्म, टॉप क्लॅम्प, पिन इन्सुलेटर, स्टे सेट आणि नट-बोल्टवर. पोल उभा आहे, तार जमिनीवर पडलीय, आणि मधलं लोखंड नाही. दोन पोलांमधल्या एकेका गाळ्याला हे सगळं मिळून किती किलो लोखंड लागतं? फार नाही. पण ते फॅब्रिकेट करून वर जस्ताचा हॉट डिप मुलामा द्यायला बाहेरच्या जिल्ह्यात पाठवावं लागतं. समुद्राजवळ नुसता रंग मारलेला क्लॅम्प दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो, त्यामुळे मुलाम्याशिवाय लावणंही चुकीचं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं आणि पुन्हा तेच.

माझी मागणी साधी आहे. किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत 15 मेच्या आत वादळाचा संच तयार ठेवा. पोल नसले तरी चालतील, पण क्लॅम्प, इन्सुलेटर, जंपरची तार, लग, डीओ फ्यूजचे (पाडून लाईन तोडता येते ते फ्यूज) बॅरल हवेतच. खर्च डीपीच्या मानाने किरकोळ आहे. सिमेंटचे पोल घाटातून आणताना तडकतात, ते वेगळं. त्यासाठी खाली कोकणातच पोल ओतायचे कारखाने वाढले पाहिजेत.

चाचणी_टेबल

मी चाचणी प्रयोगशाळेत काम करते. वर तेलाचा आणि ओलीचा उल्लेख आला म्हणून लिहिते.

तेलाची साधी चाचणी दहा-पंधरा मिनिटांची असते. काचेच्या भांड्यात तेल घ्यायचं, अडीच मिलिमीटर अंतरावर दोन इलेक्ट्रोड, विजेचा दाब वाढवत न्यायचा आणि कितीला ठिणगी पडते ते बघायचं. ओलं तेल फार लवकर हार मानतं. हे यंत्र दोघे जण उचलून नेऊ शकतात. प्रत्येक उपविभागात ते असावं आणि डीपीतलं तेल ऑक्टोबरमध्येच तपासलं जावं, म्हणजे फक्त गाळून काम भागेल. ओलं तेल गाळून, तापवून, निर्वातात सुकवून पुन्हा वापरता येतं. नवीन तेलाच्या टँकरची वाट बघण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आणि जवळचं. खूप आम्ल झालेलं किंवा काजळी धरलेलं तेल मात्र साध्या फिल्टरने सुधारत नाही, तिथे हट्ट करू नये.

आता नवीन रोहित्रांबद्दल. आयएस 1180 या वितरण रोहित्रांच्या भारतीय मानकाप्रमाणे प्रत्येक डिझाइनच्या टाइप टेस्ट (नमुना नगावरच्या चाचण्या) लागतात. त्यातली शॉर्ट सर्किटची चाचणी सगळीकडे होत नाही. सीपीआरआय या केंद्राच्या वीज संशोधन संस्थेच्या बंगळूर, भोपाळच्या प्रयोगशाळा, वडोदऱ्याची एर्डा, अशी मोजकी ठिकाणं. छोट्या कारखानदाराला तारीख मिळवायची, नग घेऊन जायचं, नापास झाला तर डिझाइन बदलून पुन्हा रांगेत. आता नाशिकजवळ शिलापूरला सीपीआरआयची प्रयोगशाळा उभी राहिली आहे, तिचा महाराष्ट्रातल्या छोट्या उद्योगांना खरा उपयोग व्हायला हवा.

चाचण्या कमी करा असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. आयएस 1180 च्या 2014 च्या आवृत्तीत 100 केव्हीएच्या रोहित्राचा पूर्ण भारावरचा एकूण तोटा (आतच वाया जाणारी वीज) कार्यक्षमतेच्या लेव्हल 1 ला 1800 वॅट, लेव्हल 2 ला 1650 वॅट. हा फरक वर्षानुवर्षं ग्राहकाच्या बिलातून जातो. बाहेरच्या भंगार रोहित्रांतून काढलेल्या सीआरजीओच्या जुन्या पट्ट्या कापून वापरल्या तर रोहित्र दिसायला तसंच दिसतं, पण भार नसतानाही जास्त वीज खातं आणि जास्त गुणगुणतं. स्वस्त टेंडरचा माल कधी कधी असा स्वस्त झालेला असतो.

गोदाकाठ

ताई, शेवटच्या परिच्छेदाला दुजोरा. जुन्या पट्ट्या ओळखायला हात लावावा लागतो. कडा खडबडीत, वरचा लेप जागोजागी गेलेला, कुठे पूर्वीच्या बोल्टचं भोक बुजवलेलं. प्रामाणिक काम करणारा अशा मालाच्या दराशी स्पर्धा करू शकत नाही. सर्वांत कमी दरवाल्यालाच काम, या पद्धतीत तो हळूहळू धंद्यातून बाहेर पडतो. मग 'स्थानिक पुरवठादार नाहीत' म्हणून मोठी पॅकेजेस बाहेरच्यांना जातात. किंमत ठरवताना रोहित्राच्या आयुष्यभराच्या तोट्याचे पैसे धरले, तर हा प्रश्न बराचसा आपोआप सुटेल.

हिशेबनीस

मी सीए आहे, औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच छोट्या युनिटचं काम बघतो. बिलाचा मुद्दा राहिलाय.

2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म-लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, नाही तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 43बी(एच) ने 2023-24 पासून थकवणाऱ्याला पैसे चुकते करेपर्यंत त्या रकमेची वजावट बंद केली. खासगी खरेदीदार त्यामुळे जागे झाले. पण जी कंपनी मुळात तोट्यात आहे, तिला करातली वजावट गेली काय आणि राहिली काय! त्यामुळे वीज वितरणात या कलमाचा धाक कमी पडतो. सरकारी पोर्टलवर थकबाकीची तक्रार करता येते, सुलभीकरण परिषद आदेशही देते. पण पुढच्या टेंडरच्या भीतीने बहुतेक जण तक्रार करत नाहीत.

याचा साखळीवर परिणाम काय? पैसा सहा-आठ महिने अडकला की छोटा दुरुस्तीवाला तेल आणि तार रोखीने घेऊ शकत नाही. तो उधारीचा, म्हणजे महाग किंवा हलका माल घेतो. शिवाय अनामत, बँक गॅरंटी, उशिराचा दंड. दंड त्याला लागतो, त्याच्या बिलाच्या उशिराचं व्याज मात्र कागदावरच राहतं. ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिलं वटवून आधी पैसे घेण्याची सोय आहे, पण तिथे खरेदीदाराने बिल वेळेत मान्य करायला हवं. सगळं तिथेच थांबतं.

अटलांटिकपार

मूळचा साताऱ्याचा, सध्या अमेरिकेत एका वीज वितरण संस्थेत आहे. तिकडे सगळं सुरळीत असतं असा समज असेल तर सांगतो: 2021 नंतर इथे वितरण रोहित्रांची मुदत आठवड्यांवरून वर्षावर गेली. नवीन वसाहती बांधून तयार आणि रोहित्र नाही म्हणून घरांचा ताबा लांबला. इथेही सीआरजीओ बनवणारी देशी कंपनी एकच उरली आहे, क्लीव्हलँड-क्लिफ्स. जून 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी संरक्षण उत्पादन कायद्याखाली रोहित्रं आणली, पण त्याला संसदेकडून पुरेसा निधी जोडला गेला नाही.

या काळात छोट्या संस्थांना हात दिला तो दोन गोष्टींनी. एक, जुनी उतरवलेली रोहित्रं भंगारात न टाकता तपासून, तेल बदलून पुन्हा लावणं. दुसरं, शेजारच्या संस्थांनी एकमेकांचा साठा उघडा ठेवणं. कोणाकडे कुठल्या क्षमतेचे किती नग आहेत ते सगळ्यांना दिसतं. आपल्याकडे तर एकाच कंपनीची मंडळं (जिल्हा पातळीवरची कार्यालयं) आहेत, त्यांना हे जास्त सोपं जायला हवं. निवृत्त_भांडारी काका, संगणकावर साठा असतोच ना? मग शेजारच्या मंडळाचा दिसत का नाही?

निवृत्त_भांडारी

दिसतो. देण्याची इच्छा नसते. शेजारच्याला आज दहा नग दिले आणि उद्या माझ्याकडे जळाले, तर आमदारांचा फोन मला येतो. देणाऱ्या मंडळाला ठरावीक दिवसांत तेवढेच नग परत मिळतील अशी लेखी हमी वरून मिळाली, तर कोणी अडवणार नाही. वादळात, पुरात हे होतं, कारण तेव्हा आदेश वरून येतो. 2019 ला सांगली-कोल्हापूरला असंच सामान गेलं. रब्बीतल्या जळण्याला कोणी आपत्ती मानत नाही.

आणखी एक. आरडीएसएस ही केंद्राची वितरण सुधारणा योजना जुलै 2021 मध्ये आली, 3,03,758 कोटींची. त्यातून नवीन लाईन, फीडर वेगळे करणं, उपकेंद्रं अशी कामं मोठ्या ठेकेदारांना एकगठ्ठा जातात. तेच ठेकेदार बाजारातून तार, बुशिंग, तेल उचलतात. कारखानदार साहजिकच मोठ्या ऑर्डरला आधी माल देतो. देखभालीच्या छोट्या मागण्या मागे राहतात. नवीन लाईन उभी राहते आणि जुन्या लाईनला इन्सुलेटर मिळत नाही, असं चित्र तयार होतं. प्रत्येक मोठ्या ठेक्यात ठरावीक हिस्सा सुट्या भागांचा धरून तो स्थानिक स्टोअरला आधी जमा करायला लावला पाहिजे. आमच्या वेळी हे मी लिहून दिलं होतं.

शेतशिवार

वाचून बरंच कळलं. पण आम्ही दहा-बारा शेतकरी एका डीपीवरचे. आम्ही नेमकं काय मागायचं? 'साखळी मजबूत करा' असं निवेदन दिलं तर साहेब चहा पाजून परत पाठवतील.

गोदाकाठ

निवेदनाआधी माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दादा. उपविभागात क्षमतेनुसार किती रोहित्रं आहेत, मागच्या तीन वर्षांत महिन्यागणिक किती नादुरुस्त झाली, त्यातली गॅरंटीतली किती आणि त्यातली किती पुरवठादाराने बदलून दिली, आणि 1 नोव्हेंबरला राखीव साठ्यात कुठल्या क्षमतेचे किती नग होते. एवढंच. उत्तर हातात आलं की साहेबांनाही वर मागायला आधार मिळतो. बऱ्याच उपअभियंत्यांना तेच हवं असतं, हे मी अनुभवाने सांगतो. 48 तासांच्या पुढे गेलं तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 57 खाली भरपाईचा हक्क आहे. अर्ज सगळ्यांनी मिळून करा आणि डीपी बंद पडल्याची तारीख-वेळ लेखी नोंदवून पोच घ्या. नुसत्या फोनवर 48 तास कधी सुरू झाले हे सिद्ध करणं अवघड जातं.

तोवर दिवाळीच्या आधी वायरमनला बरोबर घेऊन तुमच्या डीपीचं अर्थिंग, किटकॅट, तेलाची पातळी आणि ब्रीदर बघून घ्या. तुम्ही स्वतः वर चढू नका, डीओ पाडल्याशिवाय कोणालाही चढू देऊ नका.

कोकणकडा

अर्जात वादळी तालुक्यांसाठी क्लॅम्प-इन्सुलेटरचा साठाही विचारता येईल का? मी आमच्या उपविभागात टाकतो. मसुदा इथेच चिकटवा, भांडारी काकांनी मालाची नावं त्यांच्या यादीत असतात तशी लिहून दिली तर 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर देता येणार नाही.

निवृत्त_भांडारी

देतो. क्षमता लिहिताना 11 आणि 22 केव्ही वेगळे लिहा, नाही तर एकत्र बेरीज येईल आणि काहीच कळणार नाही. किटकॅटही अँपिअरप्रमाणे वेगळे मागा. उद्या संध्याकाळपर्यंत यादी टाकतो.